पाळी चुकली, थांबली की आलीच नाही?

वैद्यकीय मराठीचा विषय निघाला की एक वाद ठरलेला असतो. डॉक्टर ज्याला 'अमेनोरिया' म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावे? कुणी 'अनार्तव' सुचवतो ('आर्तव' म्हणजे पाळीचे रक्त), कुणी 'नष्टार्तव', कुणी 'रजोरोध'. लगेच दुसरी बाजू सरसावते: असले शब्द घरातल्या बायकांना कळणार आहेत का, त्यापेक्षा डॉक्टरच्या तोंडी आहे तेच देवनागरीत लिहा. मग तिसरा आवाज येतो की 'पाळी न येणे' हे साधे मराठी असताना एवढी उठाठेव कशाला. पुढे गाडी भाषाभिमान, संस्कृतचे ओझे, इंग्रजीची गुलामगिरी या नेहमीच्या रुळांवर जाते आणि तिथेच फिरत राहते. ज्या प्रश्नापासून सुरुवात व्हायला हवी तो मात्र राहून जातो: हा शब्द नेमका कशाचे नाव आहे, आणि तो चुकीचा वापरला तर कोणाचे काय बिघडते?

माझे म्हणणे आधीच सांगायला हवे. हे रोगाचे नाव नाही. ताप हे जसे लक्षण आहे तसेच हेही लक्षण. तापाला अंश लागतात आणि याला मुदत लागते. मुदत न सांगता वापरलेला हा शब्द ग्रीक असो, संस्कृत असो की घरगुती असो, अर्धवटच राहतो. म्हणून बोलताना आणि रुग्णाच्या हाती जाणाऱ्या प्रत्येक कागदावर 'पाळी सुरूच न होणे' आणि 'पाळी थांबणे' हे दोन वेगळे शब्दप्रयोग पक्के करावेत. 'अनार्तव' हा दोन्हींना पोटात घेणारा ग्रंथातला शब्द म्हणून ठेवावा. 'नष्टार्तव' आयुर्वेदाच्या संहितांतच राहू द्यावा. आणि कोणताही शब्द वापरला तरी त्याच्याशेजारी वय किंवा महिने लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मुदत म्हणजे काय ते आधी पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती माहीत असते. ग्रीक शब्दात तीन तुकडे आहेत: 'अ' म्हणजे नाही, 'मेन' म्हणजे महिना, 'ऱ्होइया' म्हणजे वाहणे. शब्द एवढेच सांगतो की महिन्याचे वाहणे नाही. वैद्यकाने त्यावर दोन मोजमापे बसवली. पहिला प्रकार, पाळी सुरूच न होणे: शरीराची बाकी वाढ नीट होत असूनही वयाची १५ वर्षे पूर्ण झाली आणि पाळी आली नाही, किंवा १३ पूर्ण झाली तरी स्तनांची वाढच सुरू झाली नाही, तर तपासणी हवी. स्तनांची वाढ सुरू होऊन ३ वर्षे उलटली आणि पाळी आली नाही, तरीही हवी. जुन्या पुस्तकांत हीच वये १६ आणि १४ होती, आणि अनेक ठिकाणी अजून तीच सांगितली जातात. दुसरा प्रकार, आलेली पाळी थांबणे: नियमित येणारी पाळी ३ महिने आली नाही, किंवा आधीपासूनच अनियमित असलेली ६ महिने आली नाही. दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून जास्त अंतर पडते पण पाळी येते, तर ते थांबणे नव्हे, लांबणे. गरोदरपण, अंगावर पाजण्याचा काळ आणि पाळी कायमची जाण्याचे वय, या तिन्ही ठिकाणी पाळी नसणे स्वाभाविक आहे. 'अमेनोरिया' हा शब्द यांनाही लागू होतो आणि आजारालाही. म्हणजे एकाच शब्दाखाली निरोगी गरोदर बाई, जन्मतः गर्भाशय नसलेली मुलगी आणि मेंदूतल्या ग्रंथीला गाठ झालेली तरुणी, तिघी बसतात. एवढ्या रुंद शब्दाने निदान होत नाही, फक्त तपासाला सुरुवात होते.

आता आपल्या भाषेकडे वळू, कारण इथे मराठीकडे एक मोठी ठेव आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. 'पाळी' म्हणजे क्रमाने येणारी वेळ. पाटाच्या पाण्याची पाळी असते, वखराची पाळी असते, राखणीला जाण्याची पाळी असते. बायकांच्या महिन्यालाही आपण हाच शब्द लावला. त्यात विटाळ नाही, रक्त नाही, लाज नाही. ठरल्या क्रमाने काहीतरी येते एवढेच आहे. पाटाची पाळी चुकली की शेतकरी काय विचारतो? धरणातून पाणी सोडायचा हुकूम निघाला का? हुकूम निघून गेट उचलले का? गेट उचलले तर कालव्यात पाणी आहे का? कालवा भरला असेल तर आपल्या चारीत आले का? आणि शेतात आले असेल तर निचरा कुठे तुंबलाय का? 'पाणी आलं नाही' एवढ्यावर तो थांबत नाही, कारण प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा असतो. शरीरातली रचना जवळपास अशीच आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने संदेश सोडतो, तो पिट्युटरी ग्रंथीला मिळतो, पिट्युटरी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरके सोडते, त्यांच्यामुळे बीजांडकोश इस्ट्रोजेन आणि पुढे प्रोजेस्टेरॉन तयार करतात, त्याने गर्भाशयाचे अस्तर वाढते आणि शेवटी सुटून योनिमार्गाने बाहेर पडते. या पाच टप्प्यांपैकी कुठेही अडले तरी बाहेरून दिसते एकच: पाळी नाही.

हुकूमच निघाला नाही याचे उदाहरण इतिहासात ठळक आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीत इतक्या बायकांची पाळी थांबली की तिथल्या डॉक्टरांनी 'युद्धकाळातला अमेनोरिया' असे त्याचे नावच ठेवले. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतल्या बायकांत आणि १९४४–४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समधल्या उपासमारीत तेच पुन्हा दिसले. अन्न तुटले की मेंदू प्रजननाचा खर्च आधी थांबवतो. आज पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावणाऱ्या, वजनगटात बसण्यासाठी जेवण तोडणाऱ्या किंवा बारीक दिसण्यासाठी भात-पोळी सोडलेल्या मुलीत हेच घडते. तिला 'हार्मोनचा प्रॉब्लेम' म्हणून गोळ्या देणे म्हणजे धरण कोरडे असताना चारी साफ करणे. तिचे जेवण वाढायला हवे, धावणे कमी व्हायला हवे. नाहीतर इस्ट्रोजेनच्या अभावी हाडे झिजत राहतात, आणि ज्या वयात हाडांची भर पडायची त्या वयातली ही तूट पुढे पूर्ण भरून येईलच असे नाही.

मराठीची खरी ठेव 'पाळी'च्या मागे लागणाऱ्या क्रियापदांत आहे. पाळी चुकली, लांबली, थांबली, गेली, बंद झाली. यातले प्रत्येक क्रियापद एक अर्थ आधीच ठरवून टाकते. 'चुकली' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात दिवस राहिल्याची शंका येते. 'गेली' म्हटले की वय झाले. आणि नुसते 'दिवस गेले' म्हटले तर बाई गरोदर! 'जाणे' हे एकच क्रियापद एका शब्दाला लागले की मूल येणार आणि दुसऱ्याला लागले की मूल होण्याचे वय संपले. शहरात यात 'डेट' आणि 'एमसी' यांची भर पडली आहे. 'डेट आली नाही' म्हणजे चार दिवसांचा उशीर की चार महिन्यांचा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. केसपेपरवर 'एलएमपी' असे छापलेले असते. त्याचा अर्थ शेवटच्या पाळीचा पहिला दिवस असा आहे. पण बाईला 'शेवटची पाळी कधी' म्हणून विचारले की ती अनेकदा अंगावरचे थांबले तो दिवस किंवा न्हाली तो दिवस सांगते, आणि हिशेब चार-पाच दिवसांनी चुकतो. 'रक्त पहिल्यांदा दिसलं तो दिवस कोणता, संक्रांतीच्या आधी की नंतर' असे विचारले तर उत्तर बरोबर येते.

या क्रियापदांच्या गोंधळाची किंमत मोजणारी पहिली बाई म्हणजे पस्तिशीतली 'पाळी गेलेली' बाई. तिच्या घरात, शेजारात, तिच्या स्वतःच्याही मनात प्रकरण तिथेच मिटते: लवकर गेली, सुटली कटकट. पण चाळिशीच्या आत बीजांडकोशांचे काम मंदावणे हे स्वाभाविक नाही. एफएसएच तपासून, शंका असल्यास चार आठवड्यांनी पुन्हा तपासून ते ओळखता येते. ओळखले तर तिला साधारण पन्नाशीपर्यंत संप्रेरके देऊन हाडे आणि हृदय जपता येतात. दुसरी बाई सत्तेचाळीस वर्षांची. पाच महिने पाळी नाही म्हणून तिनेही 'गेली' असेच म्हटले आणि गर्भनिरोधन सोडले. पाळी गेली असे म्हणायला सलग १२ महिने लोटावे लागतात, आणि पन्नाशीच्या आतल्या बाईला त्यानंतरही एकूण २ वर्षे होईपर्यंत गर्भनिरोधन चालू ठेवायला सांगतात. दोघींच्या बाबतीत एका क्रियापदाने तपासणी अडवली.

आता समोरच्या बाजूंचे जे खरे बळ आहे ते मान्य करू. संस्कृत शब्दांच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा असा की त्यांची कुळे तयार होतात. अनार्तव, अल्पार्तव, अत्यार्तव, कष्टार्तव: एक मूळ धरले की चार विकार एका ओळीत बसतात, विशेषणे होतात, तक्ते होतात. 'पाळी सुरूच न होणे' याचे विशेषण करून दाखवा म्हटले तर अवघड जाते. शिवाय आज अनोळखी वाटणारा शब्द उद्या रुळतो, हेही खोटे नाही. 'मधुमेह' एकेकाळी वैद्यांच्या पोथीतलाच शब्द होता, आज तो बाजारातल्या पाटीवर असतो. मग 'अनार्तव' का रुळू नये?

रुळेल, पण ग्रंथात. 'मधुमेह' रुळला तरी घरात माणूस 'शुगर आहे' असेच म्हणतो, आणि त्यात 'मधुमेह' या शब्दाचा काही तोटा झाला नाही. दोन पातळ्यांवर दोन शब्द सुखाने राहू शकतात. माझा विरोध संस्कृतला नाही, 'नष्टार्तव'ला आहे, आणि त्यामागे कारण आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दोषांनी मार्ग अडल्यामुळे आर्तव नाहीसे होते अशी मांडणी आहे. त्याच संहितेच्या उत्तरतंत्रात योनिव्यापदांच्या, म्हणजे स्त्रीच्या जननमार्गाच्या विकारांच्या, वर्णनात वंध्या योनीची खूण म्हणून हेच सांगितले आहे: जिचे आर्तव नष्ट ती वंध्या. त्या काळच्या निरीक्षणाला तो निष्कर्ष शोभत होता. आज तोच शब्द रिपोर्टवर लिहिला की त्याच्याबरोबर तो निष्कर्षही घरी जातो. धावण्यामुळे पाळी थांबलेली वीस वर्षांची मुलगी, थायरॉइड बिघडलेली नवी सून, प्रोलॅक्टिन (दूध आणणारे संप्रेरक) वाढलेली शिक्षिका, यांच्यापैकी बहुतेकींना उपचारांनंतर मूल होऊ शकते. त्यांच्या कागदावर 'नष्ट' लिहायचे? आणि जिला जन्मतःच गर्भाशय नाही, साधारण साडेचार-पाच हजार मुलींमागे एक अशी असते, तिचे तर कधी काही नष्ट झालेच नाही. तिचे बीजांडकोश चालू असतात, शरीर वाढते, इस्ट्रोजेन पुरेसे असते. शिवाय 'आर्तव' हा शब्दच आयुर्वेदात कधी मासिक रक्तासाठी, तर कधी स्त्रीबीजाच्या अर्थाने घेतला जातो. जिथे रक्त नाही पण बीज आहे अशा मुलीबद्दल बोलताना हा दुहेरी अर्थ घातक ठरतो. चरकसंहितेतला 'अरजस्का' हा शब्द तरी केवळ रज नाही एवढेच सांगतो.

नावाने माणसावर शिक्का बसतो हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. 'महारोग' या शब्दाने किती जणांना गावाबाहेर काढले आणि 'कुष्ठरोग' म्हणायला लागल्यावर, औषध आल्यावर, ते किती सावकाश परत आले, हे आपण पाहिले आहे. 'देवी' म्हटल्यामुळे तो रोग कोप ठरला आणि लस टोचून घ्यायला विरोध झाला. इंग्रजीतही हेच चालू आहे. चाळिशीआधी बीजांडकोश मंदावण्याला तिथे पूर्वी 'फेल्युअर' म्हणत. तो शब्द काढून आता 'इन्सफिशियन्सी' म्हणतात, कारण अशा काही बायकांच्या बीजांडकोशांतून अधूनमधून बीज सुटते आणि थोड्या जणींना आपोआप दिवसही राहतात. 'निकामी' आणि 'अपुरे' यांत वैद्यकीय फरक आहे, नुसता सौजन्याचा नाही. 'नष्ट' आणि 'थांबलेली' यांतही तोच फरक आहे.

इंग्रजी शब्दाच्या बाजूचा मुद्दाही हलका नाही. रक्ततपासणीचा कागद, सोनोग्राफीचा रिपोर्ट, औषधाची चिठ्ठी सगळे इंग्रजीत असते. सुरतेला किंवा बेंगळुरूला नोकरीला गेलेल्या मुलीने तिथल्या डॉक्टरला 'अनार्तव' सांगून उपयोग नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत एन ९१.० म्हणजे सुरूच न झालेली, एन ९१.१ म्हणजे थांबलेली आणि एन ९१.२ म्हणजे कोणती ते न सांगितलेली, असे आकडे ठरलेले आहेत. कागद इंग्रजीत राहावा, याला माझी हरकत नाही. पण त्या आकड्यांकडे नीट पाहा. इंग्रजीतही एकटा 'अमेनोरिया' पुरत नाही. त्याला 'प्रायमरी' किंवा 'सेकंडरी' जोडावे लागते, आणि जोडले नाही तर तो तिसऱ्या, न सांगितलेल्या खान्यात जाऊन पडतो. इंग्रजीला दोन विशेषणे लावून जे साधावे लागते ते मराठी दोन क्रियापदांत साधते: सुरू न होणे आणि थांबणे. 'प्राथमिक अनार्तव' ऐकून आईला वाटते की आजार पहिल्या पायरीवर आहे, अजून वेळ आहे. 'पंधरा पूर्ण झाली, पाळी सुरूच झाली नाही' ऐकून तसे वाटत नाही.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र या वादात कुणी मांडत नाही, म्हणून तो मीच मांडते. संदिग्ध शब्द बाईला कधी कधी वाचवतो. 'पाळी चुकलीय, आणून द्या' असे म्हणणाऱ्या बाईला 'मला दिवस गेलेत आणि नको आहेत' हे तोंडाने म्हणावे लागत नाही. बांगलादेशात तर एका सबंध सरकारी कार्यक्रमाचा पाया ही संदिग्धता आहे. तिथे १८६० च्या दंडसंहितेनुसार आईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपाताला बंदी आहे, पण 'पाळी नियमित करणे' या नावाने गर्भाशय रिकामे करण्याची सेवा १९७९ पासून कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमात दिली जाते. गरोदरपणाची चाचणी न करता ती केली की कायद्याच्या दृष्टीने ती फक्त थांबलेली पाळी असते. त्या धूसर शब्दाने तिथल्या असंख्य बायकांना असुरक्षित गर्भपातापासून वाचवले. हे मोठे काम आहे आणि मी ते नाकारत नाही.

पण आपल्याकडे ती गरज कायद्याने ठेवली नाही. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा इथे १९७१ सालचा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने गर्भपात करता येतो. मग संदिग्धतेने इथे काय झाले? इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेची औषधे पाळी थांबण्यावरचा उपचार म्हणून बाजारात होती, आणि प्रत्यक्षात ती दिवस राहिलेत का हे पाहायला आणि राहिले असतील तर 'मोकळे' व्हायला घेतली जात. त्यांनी गर्भ पडत नव्हताच, उलट पोटातल्या मुलाला अपाय होण्याची धास्ती होती. स्त्रियांच्या आणि आरोग्याच्या संघटनांनी वर्षानुवर्षे लढा दिल्यावर १९८८ मध्ये ती बंद झाली. वेष्टनावरचा शब्द आणि घेणारीच्या मनातला शब्द वेगळे असले की असे होते. आज त्या जागी मेडिकलमधून तोंडी मागितलेला गर्भपाताच्या गोळ्यांचा किट असतो. 'पाळी आणायची गोळी' म्हणून तो घेतला जातो, आणि गर्भ गर्भाशयात नसून बीजनळीत असेल तर त्या गोळ्यांनी काहीच सुटत नाही. थोडे डागासारखे रक्त जाते, बाईला वाटते पाळी आली, आणि पोटात एका बाजूला कळ येऊन, खांद्यात दुखून, चक्कर येऊन ती कोसळते तेव्हा आत नळी फुटलेली असते. पहिले पाऊल म्हणून आशाताईंकडे मोफत मिळणारी गरोदरपणाची 'निश्चय' चाचणी करता येते: सकाळच्या पहिल्या लघवीचे दोन-तीन थेंब, पाच मिनिटे थांबणे, एक रेघ की दोन. पाळी थांबल्याच्या कोणत्याही तपासात, बाई कितीही खात्रीने नाही म्हणत असली तरी, हीच पहिली पायरी आहे.

डॉक्टरही 'पाळी आणायच्या गोळ्या' देतात, आणि तिथेही शब्द फसवतो. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध) १० मिलिग्रॅम ५ ते १० दिवस द्यायचे, बंद केल्यावर आठवडाभरात रक्तस्राव होतो का ते पाहायचे. झाला तर समजायचे की इस्ट्रोजेन बनते आहे, अस्तर आहे, वाट मोकळी आहे, फक्त बीज सुटत नाही. पीसीओएसमध्ये, म्हणजे बीजांडकोशांतून बीज नियमित न सुटण्याच्या संप्रेरक-विकारात, साधारण असे दिसते. ही चाचणी आहे. पण घरी निरोप जातो 'पाळी आली, बरी झाली'. मग महिनोन्‌महिने तीच गोळी चालू राहते, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच कुणी बघितलेलेच नसते. रक्तस्राव झालाच नाही तर प्रश्न गंभीर होतो. इस्ट्रोजेन तरी अत्यल्प आहे, नाहीतर अस्तरच उरलेले नाही. आपल्याकडे अस्तर जाण्यामागे क्युरेटिंगनंतर (गर्भाशय आतून खरवडल्यावर) आतल्या भिंती चिकटणे हे जसे कारण असते, तसाच गर्भाशयाचा क्षयरोगही असतो. त्यात सगळी संप्रेरके नेमकी असतात आणि पाळी नसते.

'पाळी आली नाही तर रक्त आत साठतं' ही समजूत या शब्दाच्या धूसरपणातूनच पोसली आहे, आणि तिच्यामुळे 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन अर्ध्यावर सोडणाऱ्या बायका आहेत. तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे हे इंजेक्शन वर्षभर घेतले की सुमारे निम्म्या बायकांची पाळी थांबते, कारण अस्तर पातळ राहते. साठायला काही तयारच होत नाही. याउलट पीसीओएसमध्ये अस्तर वाढत राहते आणि सुटत नाही. वर्षानुवर्षे तसेच ठेवले तर त्यात कर्करोगाकडे नेणारे बदल होऊ शकतात, म्हणून तिथे निदान तीन महिन्यांतून एकदा रक्तस्राव घडवतात. आणि एका ठिकाणी ही समजूत शब्दशः खरी आहे. पंधरा वर्षांची मुलगी, छाती भरलेली, उंची वाढलेली, पाळी नाही. दर महिन्याला तीन-चार दिवस ओटीपोट दुखते. शाळेत लिंबू-सरबत, घरी ओवा. काही महिन्यांनी ओटीपोटात गोळा लागतो, आणि एक दिवस लघवीच तुंबते. तपासल्यावर योनिमुखाशी निळसर, फुगलेला पडदा दिसतो. त्यामागे महिनोन्‌महिन्यांचे काळपट, दाट रक्त अडलेले असते. एक छोटी शस्त्रक्रिया आणि पुढच्या महिन्यापासून पाळी सुरळीत. हिला ना 'अनार्तव' लागू पडतो, ना 'नष्टार्तव', कारण आर्तव दर महिन्याला येतच होते. हिच्या आईला विचारायचा प्रश्न 'पाळी येते का' हा नाही. 'दर महिन्याला ठरावीक दिवशी पोट दुखतं का' हा आहे.

बाळंतपणानंतरचेही तसेच. अंगावर पाजते आहे म्हणून पाळी नाही, म्हणून दिवस राहणार नाहीत, हे तीन अटींवरच खरे: बाळ ६ महिन्यांच्या आतले, दिवसरात्र फक्त अंगावरचे दूध, आणि पाळी एकदाही आलेली नाही. तिन्ही पाळल्या तर शंभरांत दोघींहून कमी जणींना दिवस राहतात. एक जरी अट मोडली तर भरवसा नाही, कारण बीज आधी सुटते आणि रक्त नंतर दिसते. पण बाळंतपणात खूप रक्त गेले, दूध उतरलेच नाही, थकवा आणि थंडी वाजणे जात नाही आणि पाळीही आली नाही, तर ती पिट्युटरीला इजा झालेली बाई आहे. दोघींचे वाक्य मात्र एकच असते: 'डिलिव्हरीनंतर आली नाही.' बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशये काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. खाडा पडू नये म्हणून 'पिशवी काढली, पाळी बंद' असे सांगणाऱ्या त्या बायकांपैकी कोणाचे बीजांडकोश राहिले आणि कोणाचे त्याबरोबर गेले, हे 'पाळी बंद' या शब्दांतून कसे कळणार? ज्यांचे गेले त्यांची हाडे तिशीतच म्हातारी होऊ लागतात.

साध्या मराठीत एवढा नेमकेपणा येणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी गौरी-गणपतीच्या आधी मेडिकलच्या दुकानात काय ऐकू येते ते आठवावे. 'पाळी पुढे ढकलायची गोळी.' कोणत्याही कोशाने हा शब्द दिला नाही. त्यात औषधाचे काम, मुदत आणि परिणाम सगळे आले: पाळी थांबत नाही, चुकत नाही, जात नाही, पुढे जाते, आणि गोळी सोडली की दोन-तीन दिवसांत येते. बायकांना गरज पडली तेव्हा त्यांनी अचूक शब्द घडवला. तपासणीसाठी तशीच गरज आहे, फक्त ती अजून आपण त्यांच्यापर्यंत पोहोचवलेली नाही. मुलगी 'शहाणी झाली', 'पदर आला' हे म्हणायला आपल्याकडे शब्द आहेत. जिला पदर आला नाही तिच्याविषयी मात्र घरात गप्प बसतात, आणि लग्न ठरेपर्यंत कुणी डॉक्टरकडे नेत नाही.

म्हणून शब्दकोशाच्या आधी शाळेच्या आरोग्यपत्रकापासून सुरुवात करावी. आठवीच्या पत्रकात एक ओळ: 'वय १३ पूर्ण, छातीची वाढ सुरू: हो / नाही.' दहावीच्या पत्रकात दुसरी: 'वय १५ पूर्ण, पाळी सुरू: हो / नाही, दर महिन्याला पोट दुखते: हो / नाही.' दवाखान्याच्या केसपेपरवर 'एलएमपी'च्या जागी 'शेवटच्या पाळीत रक्त दिसल्याचा पहिला दिवस', आणि त्याखाली 'थांबून किती महिने'. नर्सताईंना भरायला अर्धा मिनिट लागेल. डॉक्टरने पुढे एन ९१.० लिहावे की एन ९१.१, हे त्या ओळींवरूनच ठरेल.